‘चोप दिला’ कोणी लिहिले? वृत्तसंपादकांना खुले पत्र

सर्व वृत्तसंपादकांस, छापील, वाहिन्यांवरील आणि हल्ली फोनच्या पडद्यावर बातम्या चालवणाऱ्याही,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच. निदान निवृत्त होईपर्यंत होतो. सत्तावीस वर्षे डेस्कवर काढली, त्यातली निम्म्याहून अधिक रात्रपाळीत. बातमीदाराची कॉपी यायची, ती मी तासायचो, मथळा द्यायचो, पान सोडायचो आणि घरी जाऊन झोपायचो. झोप चांगली लागायची, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे तुमच्याकडे जेवढी बोटे दाखवीन तेवढीच माझ्याकडेही वळलेली आहेत.

निमित्त तुमच्याच चर्चांचे. एखाद्या अल्पवयीन मुलाने कुणाला भोसकले की त्या संध्याकाळचा विषय ठरलेला : सिनेमा, वेब सीरिज आणि व्हिडिओ गेम मुलांना हिंसक बनवत आहेत का? एक मानसोपचारतज्ज्ञ, एक निवृत्त पोलीस अधिकारी, एक दिग्दर्शक आणि एक हवालदिल पालक. दुसऱ्या दिवशी अग्रलेख. या सगळ्या चर्चांत एक माध्यम कायम न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेले असते, पिंजऱ्यात त्याला कुणी उभे करत नाही. ते म्हणजे बातमी. समाजातल्या हिंसेवर माध्यमांचा जो परिणाम पुराव्यानिशी दिसतो, त्यातला सर्वांत ठळक भाग बातमीतल्या हिंसेचा आहे, असे माझे म्हणणे आहे. गोष्टीतल्या हिंसेचा नंबर त्यानंतर लागतो.

आधी सिनेमा आणि गेमचा हिशेब उरकू. प्रत्येक पिढीला आपल्या पोरांच्या हातात कुठला तरी सैतान दिसतो. १९५४ साली अमेरिकेत तो कॉमिक्सच्या रूपात दिसला. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात असे पुस्तक लिहिले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. पुढे वर्थमची कागदपत्रे संशोधकांना खुली झाली आणि २०१२ साली कॅरल टिली या संशोधिकेने दाखवून दिले की त्याने मुलांच्या नोंदी आपल्या सोयीने वाकवल्या होत्या. गेमबद्दल अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली पुन्हा खुलासा केला : ओरडणे, ढकलाढकली अशा वागण्याशी हिंसक गेमचा थोडा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. सिनेमाचे तर आणखी गमतीचे आहे. गॉर्डन डाल आणि स्टेफानो डेलाविन्या या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००४ या काळातली अमेरिकी आकडेवारी तपासली. ज्या शनिवार-रविवारी हिंसक चित्रपटांना गर्दी होती, त्या दिवशी मारामाऱ्या घटलेल्या निघाल्या. कारण साधे आहे. जे मारामारी करायचे तेच तरुण थिएटरात बसले होते, आणि थिएटरात बसलेला माणूस त्या वेळात दारू पीत नसतो.

म्हणून सिनेमा निर्दोष सुटला असे नाही. लेनर्ड एरन आणि रोवेल ह्यूसमन यांनी १९६० पासून आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा वर्षानुवर्षे माग ठेवला, तेव्हा लहानपणी हिंसक मालिका आवडणारी मुले मोठेपणी जास्त आक्रमक निघाली होती. वाद चालू आहे आणि चालू राहावा. पण ज्या मुद्द्यावर इतका वाद आहे त्याच्यावर आपण दर महिन्याला तासभर चर्चा लावतो, आणि ज्याच्यावर वाद बराच कमी आहे त्या बातमीच्या परिणामाचा उल्लेखही करत नाही, हे मला खटकते.

त्याच्याकडे येण्याआधी एका बाहुल्याची गोष्ट. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तीच, पण बहुतेकांना तिचा पहिला अर्धाच भाग आठवतो. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेतल्या ७२ मुलांवर प्रयोग केला. एक मोठे माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला बडवते, काही मुले ते पाहतात, नंतर त्यांना त्याच बाहुल्याजवळ सोडतात. पाहिलेली मुले तसेच बडवतात. यावर टीका झाली आणि ती रास्त आहे : मार खाण्यासाठीच बनवलेल्या खेळण्याला मारणे म्हणजे हिंसा नव्हे. मला महत्त्वाचा वाटतो तो १९६५ चा पुढचा प्रयोग. या वेळी मुलांना फिल्म दाखवली. काहींच्या फिल्ममध्ये मारणाऱ्याला शाबासकी मिळते, काहींच्या फिल्ममध्ये ओरडा बसतो, काहींच्यात काहीच होत नाही. ओरडा बसलेला पाहिलेल्या मुलांनी सर्वांत कमी नक्कल केली. इथवर अपेक्षितच. पण नंतर बांडुरांनी सगळ्याच मुलांना खाऊ देऊ केला आणि विचारले, त्या माणसाने काय काय केले ते करून दाखवता? तेव्हा तिन्ही गटांतल्या मुलांनी जवळपास सारखेच करून दाखवले.

म्हणजे शिकली सगळीच होती. फरक होता तो ‘हे केले तर चालते का’ एवढ्याचाच.

माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. कसे मारायचे हे माणसाला माध्यमांनी शिकवावे लागत नाही; माध्यमांच्या फार आधीपासून त्याला ते येते. माध्यमे सांगतात ते चारचौघांत काय चालते ते. आणि हे सांगण्याची ताकद गोष्टीपेक्षा बातमीत कितीतरी जास्त आहे. सिनेमातला खून खोटा आहे हे सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. बातमी मात्र खरी असते. तिच्यात जे घडते ते खऱ्या माणसांनी खऱ्या चौकात केलेले असते, आणि आपण ते ज्या शब्दांत सांगतो त्या शब्दांतून चौकाचे मत कळते.

आता माझी गोष्ट.

बऱ्याच वर्षांपूर्वीची एक रात्र. साडेअकरा वाजून गेलेले, आतल्या पानावर सिंगल कॉलम जागा रिकामी. कॉपी आली : मोबाइल चोरणाऱ्या एकाला लोकांनी पकडले, मारले, पोलिसांच्या ताब्यात दिले. पाच ओळींची बातमी. मी मथळा दिला, ‘चोरट्याला नागरिकांचा यथेच्छ चोप’. एका ओळीत बरोबर बसला. अशा वेळी कॉलमाच्या मापात बसण्याचा आनंद काय असतो ते तुम्हाला सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी कळले की तो चोर नव्हता. अडखळत बोलणारा माणूस होता, कामावरून घरी निघालेला. लोकांनी नाव-गाव विचारले तेव्हा उत्तर पटकन बाहेर आले नाही, आणि जितका घाबरला तितका जास्त अडखळला. त्याच्या एका कानाची श्रवणशक्ती कायमची गेली. आम्ही चार ओळींचा खुलासा छापला. आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातींच्या वर.

त्या मथळ्यातली चूक ‘चोरटा’ या शब्दाची आहे असे त्या वेळी सगळ्यांना वाटले. मलाही. ‘कथित’ लावायला हवे होते, एवढीच चर्चा झाली. ‘चोप’ या शब्दाबद्दल कुणी बोलले नाही. तो खरोखर चोर असता तर आमचा मथळा बिनचूक ठरला असता. मला हे उमगायला पुढची कितीतरी वर्षे लागली.

चोप हा शब्द जरा निरखून पाहा. चोप आई देते, मास्तर द्यायचे. त्यात माया नसली तरी हक्क असतो. ‘प्रसाद’ देवळात मिळतो. ‘धुलाई’ने मळ जातो. ‘धडा’ शिकवला जातो, म्हणजे मारणारा शिक्षक झाला. ‘संतप्त’ जमाव म्हटले की रागाला कारण होते हे आपण मान्य केलेच. आणि ‘नागरिक’! मी ‘जमाव’ लिहिले नव्हते, ‘नागरिक’ लिहिले होते. वीस माणसांनी एकाला घेरून जखमी करणे हा कायद्याने गुन्हा आहे, बातमीत मात्र त्या वीस जणांपैकी एकही आरोपी नव्हता. पोलिसांनी गुन्हा नोंदवला का, हे मी बातमीदाराला विचारलेसुद्धा नाही. बांडुरांच्या फिल्ममधल्या शाबासकीचे काम माझ्या मथळ्याने केले.

हीच गत घरातल्या खुनांची. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून.’ ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर वार.’ ‘क्षुल्लक कारणावरून’ हे आणखी एक. ज्याने खून केला त्याने दिलेली सबब आपण मथळ्यात बसवतो आणि तिला कारण म्हणतो. संशय त्याचा, पण मथळ्यात चर्चेला येते ती तिच्या चारित्र्याची. पाठलाग करून वार करणे यात प्रेम कुठे आहे? ‘एकतर्फी’ म्हटले की जणू दुसरी तर्फ कमी पडली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात सुमारे ५१,१०० स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा कुटुंबातल्याच कुणाच्या तरी हातून मारल्या गेल्या. दिवसाला १४०. यातल्या बहुतेक बातम्या कुठल्या ना कुठल्या भाषेतल्या उपसंपादकाने एका ओळीत बसवल्या असणार, आणि त्यालाही माप बसल्याचे समाधान झाले असणार.

जाता जाता एक. ‘सिनेस्टाइल पाठलाग’, ‘फिल्मी थरार’ हे शब्द सिनेमावाल्यांचे नाहीत, आपले आहेत. गुन्ह्याला सिनेमाचे कपडे आपणच चढवतो आणि मग सिनेमामुळे गुन्हे होतात का यावर पॅनेल बसवतो.

कुणी म्हणेल, शब्दांचे काय एवढे, माणसे काय मथळे वाचून मारायला निघतात? निघत नाहीत. म्हणूनच आफ्रिकेतल्या रवांडाचे उदाहरण देताना मी जपून बोलणार आहे. १९९३ च्या जुलैमध्ये तिथे आरटीएलएम हे खासगी रेडिओ केंद्र सुरू झाले. गाणी मस्त, निवेदक हजरजबाबी, श्रोत्यांचे फोन. त्याच गप्पांमधून तिथल्या अल्पसंख्य तुत्सी लोकांना झुरळे म्हणायची सवय लागत गेली. १९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, तेव्हा हेच केंद्र कोण कुठे लपले आहे ते नावानिशी सांगत होते. डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञाने पुढे एक युक्ती केली. रवांडा डोंगराळ देश, त्यामुळे काही गावांत ते केंद्र लागायचे आणि डोंगराआडच्या गावांत लागायचे नाही. दोन्हींची तुलना करून २०१४ साली त्याने अंदाज मांडला की हिंसेतला सुमारे दहा टक्के सहभाग त्या प्रसारणामुळे होता. माणसांत मोजायचे तर पन्नास हजारांवर मारेकरी. शिवाय रेडिओ जिथे लागत होता तिथल्या शेजारच्या गावांतही टोळ्यांची हिंसा वाढली होती. म्हणजे ज्यांनी ऐकले नव्हते त्यांच्यापर्यंतही ‘आता चालते’ हा निरोप पोहोचला.

दहा टक्के म्हणजे नव्वद टक्के नव्हे. सत्ता, युद्ध, स्थानिक पुढारी, शेजाऱ्यांचा दबाव यांची कारणे वेगळी आहेत आणि मोठी आहेत. सगळे रेडिओने घडवले म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण या हत्याकांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ साली माध्यमांवरच्या खटल्यात ज्या तिघांना दोषी ठरवले त्यांच्यात त्या रेडिओचे दोन संस्थापक होते, आणि तिसरा होता एका नियतकालिकाचा संपादक. आपल्यापैकीच एक.

याच देशातला दुसरा भाग कमी सांगितला जातो. २००४ पासून रवांडात ‘मुसेकेवेया’ नावाची रेडिओ नभोनाट्याची मालिका सुरू झाली. दोन टेकड्यांवरची दोन गावे, त्यांच्यातले वैर, आणि त्या वैराला न जुमानणारी काही तरुण माणसे. एलिझाबेथ लेव्ही पॅलक या मानसशास्त्रज्ञेने काही वस्त्यांना वर्षभर ही मालिका आणि काहींना आरोग्यविषयक मालिका ऐकवली आणि दोन्हींची तुलना केली. २००९ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. मालिका ऐकून लोकांची स्वतःची मते फारशी बदलली नाहीत. बदलली ती इतरांबद्दलची अटकळ : आपल्या वस्तीत काय बोलले तर चालते, कुणाशी सोयरीक केली तर चालते, वरून आलेल्या हुकमाला नाही म्हटले तर चालते का. आणि त्याबरोबर वागणेही बदलले. एकाच देशात, एकाच माध्यमाने, आधी एका दिशेने आणि मग दुसऱ्या. दोन्ही वेळा हात घातला तो चारचौघांच्या कल्पनेलाच.

रेडिओ दूरचा वाटत असेल तर फोनकडे या. २०१८ साली भारतात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवांवरून ठिकठिकाणी जमावाने निरपराध माणसे मारली. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार केले गेले. त्या काळात फिरणाऱ्या क्लिपांपैकी एक मूळची कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करणारी फिल्म होती. दुचाकीवरून येऊन मूल उचलतात, आणि शेवटी मूल परत सोडून पाटी दाखवतात. कुणीतरी ती पाटी कापली. डेस्कच्या भाषेत सांगायचे तर शेवटचा परिच्छेद उडवला, आणि प्रबोधनाचा पुरावा झाला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, ती पुढे जगभर लागू झाली. पण ज्या जमावांनी मारले त्यांच्या मनात ‘संशयिताला आपणच धडा शिकवायचा असतो’ ही रीत त्या क्लिपने पेरली नव्हती. ती आधीपासून होती. ती कुणी जपली, याचा विचार करताना मला माझा सिंगल कॉलम आठवतो.

आता शाबासकीचा दुसरा प्रकार : प्रसिद्धी. १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना मारले. दोन ठिकाणच्या गोळीबारांच्या मधल्या वेळात तो टपालात एक पाकीट टाकून आला होता. त्यात त्याचे व्हिडिओ, पिस्तुले रोखलेले फोटो आणि पानेच्या पाने मजकूर होता. पत्ता एनबीसी न्यूज या वाहिनीचा. पाकीट १८ तारखेला मिळाले आणि त्याच संध्याकाळी त्यातला निवडक भाग प्रसारित झाला. मृतांच्या काही नातेवाइकांनी वाहिनीवर यायचे रद्द केले. खुन्याने आपल्यासाठी प्रेसनोट पाठवावी आणि आपण ती चालवावी, याहून उघड सौदा मला माहीत नाही. २०१५ मध्ये शेरी टावर्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अशा हत्याकांडांच्या तारखा तपासल्या. एका घटनेनंतर सरासरी तेरा दिवस पुढच्या घटनेची शक्यता वाढलेली असते, असे त्यांना आढळले. साथीच्या रोगासारखे.

या पत्रात मी एकाही खुन्याचे नाव लिहिलेले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. कुणाचे काही अडले नाही. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च इथे दोन मशिदींत ५१ माणसे मारली गेली. मारणाऱ्याने ते फेसबुकवर थेट दाखवले, आणि पहिल्या चोवीस तासांत फेसबुकला त्या चित्रफितीच्या पंधरा लाख प्रती अडवाव्या किंवा काढाव्या लागल्या. पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितले की त्याचे नाव आपल्या तोंडून कधीही ऐकू येणार नाही. त्याहून मला जास्त कौतुक वाटते ते तिथल्या वृत्तसंस्थांचे. एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या पाच मोठ्या संस्थांनी एकत्र बसून ठरवले की खटल्याचे वृत्तांकन करताना त्याच्या विचारांना व्यासपीठ द्यायचे नाही. वार्तांकन झाले, खटला लोकांना कळला, शिक्षा कळली. ‘प्रतिस्पर्धी दाखवतोय, मग आम्ही कसे थांबणार’ हे आपले पेटंट वाक्य आहे. मीही शेकडो वेळा म्हटले आहे.

थेट प्रक्षेपणाबद्दल जास्त लिहीत नाही, कारण त्यावर निदान नियम झाले. ऑगस्ट १९८८ मध्ये पश्चिम जर्मनीत ग्लाडबेक इथे बँक लुटून ओलीस पळवणाऱ्या दोघांच्या मोटारीभोवती पत्रकारांनी भर रस्त्यात गराडा घातला. मुलाखती घेतल्या, ओलीस मुलीच्या मानेला पिस्तूल लावलेले असताना तिला ‘कसे वाटते’ विचारले, आणि एक पत्रकार तर रस्ता दाखवायला त्यांच्या गाडीत बसला. ५४ तासांनी शेवट झाला तेव्हा दोन ओलीस आणि एक पोलीस जिवानिशी गेलेले. त्यानंतर जर्मन प्रेस कौन्सिलने घटना चालू असताना अपहरणकर्त्यांच्या मुलाखती घेण्यास मनाई केली. आपल्याकडे २००८ च्या मुंबई हल्ल्यातल्या थेट चित्रणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात कडक ताशेरे ओढले, २०१५ साली अशा थेट प्रक्षेपणाचे नियम बदलले. दरवेळी आधी माणसे मेली, मग नियम आला.

आता चांगली बातमी. ती व्हिएन्नाची आहे आणि ती मी प्रत्येक नव्या उपसंपादकाच्या टेबलावर चिकटवून ठेवावी असे म्हणेन. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ च्या आपल्या अहवालात स्वतःविरुद्धची हिंसाही हिंसेतच मोजली आहे, म्हणून ती इथे सांगतो. १९८४ पासून व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या वाढत गेल्या. वर्तमानपत्रे प्रत्येक घटना रंगवून देत होती : पहिल्या पानावर, फोटोसह, ‘का केले असेल’ याच्या तर्कांसह. १९८७ च्या मध्यावर आत्महत्या-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या तज्ज्ञांनी संपादकांना मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा नव्हता, दंड नव्हता, विनंती होती. संपादकांनी ती ऐकली. बातम्या छोट्या झाल्या, आत गेल्या, काही छापल्याच गेल्या नाहीत. त्याच वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांच्या तुलनेत पुढच्या सहा महिन्यांत त्या रेल्वेतल्या आत्महत्या आणि प्रयत्न ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले.

रेल्वे तीच, माणसे तीच, दुःखेही तीच असणार. बदलले ते डेस्क.

मला व्हिएन्नाची गोष्ट कळली तेव्हा मी निवृत्तीला आलो होतो. खरे सांगतो, आनंद झाला नाही. रात्री जागलो. मी लिहिलेले ‘प्रेमभंगातून’, ‘नापास झाल्याने’, ‘कर्जाला कंटाळून’ हे सगळे मथळे एकामागून एक आठवत राहिले. एका माणसाच्या आयुष्यभराच्या गुंत्याला मी दोन शब्दांचे कारण दिले होते, आणि तेच कारण ज्यांच्या घरी होते त्यांनी ते वाचले होते.

भीतीचा मुद्दाही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉर्ज गर्बनर यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटापासून टीव्हीवरच्या हिंसेची मोजदाद केली. जास्त टीव्ही पाहणाऱ्याला जग आहे त्याहून दुष्ट वाटते, असे त्यांचे म्हणणे, आणि घाबरलेला माणूस कडक उपायांना लवकर होकार देतो, ही त्यांची खरी काळजी. त्यांच्या मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप आहेत. पण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेतले हिंसक गुन्हे जवळपास निम्म्यावर आले, आणि तरी गॅलप या संस्थेच्या जनमत पाहण्यांत बहुतेक वर्षी बहुसंख्य लोक गुन्हे वाढलेच म्हणत राहिले. दुसऱ्या बाजूला वर दिलेला घरातल्या खुनांचा आकडा ठेवा. आपण माणसाला दाराबाहेरच्या अनोळखी माणसाला घाबरायला शिकवतो, आणि कितीतरी जणींच्या बाबतीत मारणारा दाराच्या आत असतो. अनोळखी माणसाची भीती वाटू लागली की अडखळत बोलणारा प्रत्येक जण संशयित.

म्हणून हिंसेच्या बातम्या दाबा, असे मी म्हणतो आहे का? मुळीच नाही. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी हाल करून मारले. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवायला लावली आणि ‘जेट’ या साप्ताहिकाला त्या चेहऱ्याचे फोटो छापू दिले. ते फोटो भयंकर होते, आणि नागरी हक्कांच्या चळवळीला त्यांनी जी धग दिली ती हजार अग्रलेखांनी दिली नसती. मग हे छायाचित्र आणि जमावाच्या मारहाणीची, वर गोल काढून दाखवलेली क्लिप यात फरक काय? पहिल्यात पाहणारा मुलाच्या बाजूला उभा असतो. दुसऱ्यात पाहणाऱ्याला जमावात उभे केलेले असते, कॅमेराच तिथून धरलेला असतो. हे मी डेस्कवर असताना कुणी सांगितले असते तर बरे झाले असते. क्लिप आली की आम्ही एकच विचारायचो : एक्स्क्लुझिव्ह आहे का?

माझी मागणी फार नाही आणि ती कायद्याची तर बिलकुल नाही. बातम्यांवर सरकारी कात्री आली की ती आधी कुणाच्या बातमीवर चालते हे आपण सगळे जाणतो. मला हवी ती व्हिएन्नासारखी गोष्ट : तुम्ही चार-पाच जणांनी, स्पर्धक असूनही, एका खोलीत बसावे. चोप, प्रसाद, धुलाई, धडा हे चार शब्द मारहाणीच्या बातमीतून उद्यापासून बाद करावेत. जमावाने मारले तर ‘जमावाने मारले’ लिहावे आणि मारणाऱ्यांवर गुन्हा नोंदला का, हे बातमीदाराला विचारल्याशिवाय कॉपी पुढे सोडू नये. खुन्याची सबब मथळ्यात नको. आत्महत्येच्या बातमीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना २००० सालापासून उपलब्ध आहेत. छापून भिंतीवर लावायला खर्च येत नाही. आणि खुलासा ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर, निविदांच्या वर नव्हे.

यातले शब्दांचे काम आज रात्रीही होईल. रात्रपाळीला जो मुलगा किंवा मुलगी बसली असेल तिला सांगा, माप नाही बसले तरी चालेल, दोन अक्षरे कमी पडली तर पॉइंट, म्हणजे अक्षराचा आकार, वाढव.

पत्र लांबले, डेस्कवाल्याला शोभत नाही. छापायचे ठरवलेत आणि जागा कमी पडली तर कॉमिक्स-गेमचा परिच्छेद खुशाल कापा, ग्लाडबेकही गेला तरी चालेल. अडखळत बोलणाऱ्या माणसाचा भाग तेवढा ठेवा. त्याचे नाव मी देऊ शकत नाही. आमच्या बातमीत ते नव्हते आणि खुलाशात ‘संबंधित व्यक्ती’ असे होते.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक